दुधावाचूनचे जेवण : खान्देशातील रोजच्या स्वयंपाकाचा एक न लिहिलेला इतिहास

मराठीत 'कळणाकोंडा' असा एक जोडशब्द आहे. डाळ भरडताना खाली उरणारी चुरी आणि सालपटे म्हणजे कळणा. धान्य कांडताना निघणारा भुसा म्हणजे कोंडा. 'कळणाकोंडा खाऊन दिवस काढले' असे कुणी म्हटले की त्या घराची आर्थिक स्थिती वेगळी सांगावी लागत नाही. खान्देशात मात्र या शब्दाचा पहिला अर्धा भाग भाकरीला चिकटून बसला आहे आणि त्या भाकरीची कुणाला लाज वाटत नाही. ज्वारी आणि अख्खे काळे उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी हिवाळ्यात भरताबरोबर पाहुण्यालाही वाढली जाते. शब्दाच्या या दोन आयुष्यांविषयी आम्ही वर्गात अधूनमधून बोलत आलो आहोत. त्यावर सविस्तर लिहावे असे वाटण्याचे कारण मात्र वर्गाबाहेर घडले.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. एक धुळ्यात शिकवतो, दुसरा जळगावात. धुळ्यातल्या आमच्या एका सहकारी बाईंच्या मुलीला ती वर्षाची व्हायच्या आत गाईच्या दुधाची अॅलर्जी असल्याचे निष्पन्न झाले. दूध, दही, पनीर, खवा सगळे बंद. तूपसुद्धा डॉक्टरांनी थांबवले, कारण तूप कितीही कढवले तरी त्यात दुधातल्या प्रथिनांचा अंश राहू शकतो आणि तीव्र अॅलर्जी असलेल्या मुलाला तेवढाही पुरतो. बाई सकाळी साडेसातच्या तासाला उभ्या राहणाऱ्या, त्यांचे यजमान रोज बसने दुसऱ्या तालुक्याला जाणारे. घरात स्वयंपाकाला सकाळी पाऊण तास आणि संध्याकाळी फार तर तेवढाच. पहिले काही महिने त्यांनी मुंबईहून सोयाबीनचे दूध, बदामाचे दूध असे काय काय मागवले. मुलीला त्यातले काहीही आवडेना. एकदा स्टाफरूममध्ये त्या आम्हाला म्हणाल्या, "सर, दुधाशिवाय लहान मुलाला द्यायचे तरी काय? आपल्याकडे दुसरे आहेच काय?"

त्यांच्या सासूबाई शिरपूर तालुक्यातल्या, अहिराणी बोलणाऱ्या. हे सारे ऐकून त्या एवढेच म्हणाल्या, "आमले कोनी दूध दिन्हं व्हतं?" म्हणजे, आम्हाला तरी कुणी दूध दिले होते?

बाईंचा प्रश्न आणि सासूबाईंचा प्रतिप्रश्न, यांच्यामध्ये खान्देशच्या स्वयंपाकघराचा निदान दीडशे वर्षांचा इतिहास आहे असे आम्हाला वाटते, आणि तो जवळजवळ लिहिलेला नाही.

आधी भाषेकडे पाहू, कारण बाईंचा प्रश्न काही अंशी भाषेनेच तयार केलेला आहे. मराठीत मायेचे, सुखाचे, आरोग्याचे जवळपास सगळे शब्दप्रयोग गोठ्यातून येतात. नातवंड ही दुधावरची साय. सुखात वाढलेले मूल दूधभातावर पोसलेले. 'खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी' हा ताठा. 'तूप खाल्ले की लगेच रूप येत नाही' हा सबुरीचा सल्ला, पण तूप खाल्ल्याने कधीतरी रूप येतेच हे त्यात गृहीत. ज्या आईला आपल्या मुलाच्या भातावर तुपाची धार सोडता येत नाही, तिला ही भाषा रोज थोडेथोडे बोचत असणार. बाईंच्या नात्यातल्या एका ज्येष्ठ स्त्रीने "दुधाविना पोर कशी बाळसे धरेल" असे तिच्यासमोरच म्हटले होते. अशा वेळी म्हणी निरुपद्रवी राहत नाहीत.

पण म्हणी कुणाच्या घरात तयार झाल्या आणि कुणाच्या घरात नुसत्या बोलल्या गेल्या, हा प्रश्न विचारायला हवा. 'ताकाला जाऊन भांडे लपवणे' ही म्हण या दृष्टीने फार बोलकी आहे. लोणी काढल्यावर मागे उरणारे ताक ज्यांच्याकडे दुभते नाही ते शेजाऱ्याकडे मागायला जात, आणि मागताना संकोचत. म्हणजे गावातल्या बऱ्याच घरांचा दुधाशी संबंध ताकापुरता, तोही मागून आणलेल्या.

खान्देशच्या बाबतीत यात आणखी एक विसंगती आहे. या प्रदेशाची बोली अहिराणी, म्हणजे अहिरांची. अहिर हे प्राचीन आभीर, गोपालक. नाशिकच्या लेण्यांत आभीर राजा ईश्वरसेनाचा तिसऱ्या शतकातला शिलालेख आहे. 'खान्देश' या नावाची एक व्युत्पत्ती 'कान्हदेश', म्हणजे कृष्णाचा देश, अशी दिली जाते. (दुसऱ्याही व्युत्पत्त्या आहेत, फारुकी सुलतानांच्या 'खान' या पदवीची अधिक प्रचलित आहे. तो वाद इथे नको.) गवळ्यांच्या नावाची बोली आणि लोणीचोराच्या नावाचा देश, असे असताना इथल्या रोजच्या ताटात दुधाचा थेंब नसावा, हे कसे?

आमचा तर्क असा आहे. तापी, गिरणा आणि पांझरेच्या काठच्या काळ्या जमिनीत गाय प्रामुख्याने बैलासाठी पाळली गेली. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानातल्या कापसाचे भाव भडकले. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे खान्देशातून पुढे गेली, भुसावळ हे मोठे जंक्शन झाले, जळगाव कापसाची पेठ झाली. पुढे 1900 मध्ये चाळीसगाव-धुळे फाटा सुरू झाला. कापूस म्हणजे नांगरट, वखरणी, कोळपणी, म्हणजे बैल. वासराच्या वाट्याचे दूध काढून घेतले तर बैल कसा होणार? म्हशीचे दूध होते, पण उन्हाळ्यात पारा 44-45 अंशांवर जाणाऱ्या मुलखात शीतपेटीच्या आधीच्या काळी दूध संध्याकाळपर्यंत टिकवणे अवघड. टिकत असे ते तूप, आणि तूप विकले जात असे. ज्या घरात गुरे होती त्या घरातही दुधाचे तूप होऊन ते बाजारात किंवा सणासाठी गाडग्यात जाई. रोजच्या जेवणाला उरे ते ताक. वैशाखात चारा संपला की तेही नाही.

म्हणून खान्देशच्या स्वयंपाकात दोन स्वतंत्र परंपरा दिसतात. सणाच्या जेवणात दुभते भरपूर आहे: वरण-बट्टीतली तुपात बुडवलेली बट्टी, पुरणाचे मांडे आणि त्यांच्याबरोबर दूध-तूप, खीर. रोजच्या जेवणात तेल आहे. खिचडीवर तुपाऐवजी कच्चे शेंगदाणा तेल, किंवा तेलात लसूण आणि लाल मिरची तळून ओतलेली फोडणी, भाकरीबरोबर ठेच्यावर तेल, भरतात तेल. इतरत्र जिथे हात तुपाच्या वाटीकडे जातो तिथे खान्देशी हात तेलाच्या बुधलीकडे जातो.

हे तेलही मूळचे नाही, हे इथे नमूद करायला हवे. भुईमूग दक्षिण अमेरिकेतला. आपल्याकडे त्याची लागवड मोठ्या प्रमाणात पसरली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर. त्याआधी तीळ, जवस, करडई. मिरचीही पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणलेली. म्हणजे ज्याला आपण अस्सल खान्देशी चव म्हणतो, ती हिरवी मिरची, लसूण आणि दाणे यांची त्रयी, त्यातले दोन घटक परदेशी आहेत. वांगे मात्र इथलेच.

भरताची गोष्ट या संदर्भात मुद्दाम पाहण्यासारखी आहे. पुण्याकडच्या घरांत वांग्याच्या भरतात दही घालण्याची रीत आहे. वर फोडणी, किंचित साखर. जळगावी भरतात दह्याला प्रवेशच नाही. लांब, पोपटी-पांढरट, कमी बियांची वांगी पऱ्हाट्यांवर किंवा तुराट्यांवर भाजायची, साले काढून लाकडी बडगीत ठेचायची, भाजलेल्या मिरच्या आणि लसूण त्यातच कुटायचा, मग तेलात दाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. कापूस वेचून झाल्यावर शेतात उभ्या राहणाऱ्या पऱ्हाट्या हे फुकटचे सरपण आणि नेमका तोच वांग्यांचा हंगाम. चातुर्मासात वर्ज्य असलेले वांगे चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यात पुन्हा ताटात येते, त्याचाही मेळ इथे बसतो. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या वांग्यांसाठी प्रसिद्ध असलेले आसोदे गाव साहित्याच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या कारणाने ठाऊक असते. ते बहिणाबाई चौधरींचे माहेर.

आता वेळेचा मुद्दा. घाईच्या कुटुंबासाठी झटपट स्वयंपाक ही आजची गरज आहे, असा आपला समज असतो. कापूस वेचायला जाणारी बाई किती वाजता घर सोडत असेल याचा विचार केला की तो समज टिकत नाही. तिला उजाडायच्या आत पाणी भरून, भाकरी थापून, शिदोरी बांधून निघायचे असे. तिच्यापाशी पाऊण ताससुद्धा नव्हता. कळण्याची भाकरी ही या टंचाईवरची अतिशय हुशार तोड आहे. चार वाटे ज्वारी, एक वाटा अख्खे उडीद, मीठ, हे सारे एकदाच दळून ठेवायचे. डाळ पिठातच आली, म्हणजे वेगळे वरण शिजवायचा अर्धा तास वाचला. उडदामुळे पीठ चिकट होते, भाकरी मोडत नाही, दुपारपर्यंत मऊ राहते. बरोबर ठेचा: तव्यावर तेल, मिरच्या, लसूण, दाणे, आणि त्याच तव्यात तांब्याच्या बुडाने रगडा. एक तवा आणि एक परात, इतक्या भांड्यांत जेवण तयार. धान्य आणि कडधान्य एकत्र आल्याने प्रथिने एकमेकांना पूरक होतात, हे आहारशास्त्र आज सांगते. त्या बाईला ते पोट भरल्यावर भूक किती उशिरा लागते यावरून कळत होते.

दळण्याचे कष्ट या हिशेबात धरलेले नाहीत, ही शंका वाचकांना येईल आणि ती रास्त आहे. पिठाची गिरणी गावात येईपर्यंत वाचलेला अर्धा तास पहाटेच्या जात्यावर आधीच खर्च झालेला असे. खान्देशात जात्याला 'घरोट' म्हणतात आणि बहिणाबाईंनी त्यावर कविता रचली आहे. तव्याचा चटका हे त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध कवितेचे निमित्त. त्या कविता आपण जीवनविषयक तत्त्वज्ञान म्हणून शिकवतो, परीक्षेत तसे प्रश्न विचारतो. त्या वेळापत्रक म्हणूनही वाचता येतील. कोणत्या कामाला कोणता प्रहर, हे त्यात स्वच्छ आहे.

बहिणाबाईंचा उल्लेख आम्ही केवळ खान्देशच्या लेखात तो यायलाच हवा म्हणून केलेला नाही. त्या 1880 मध्ये जन्मल्या, 1951 मध्ये गेल्या, लिहिता-वाचता येत नव्हते. सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी कविता उतरवून ठेवल्या नसत्या, आचार्य अत्र्यांनी त्या पाहून छापण्याचा आग्रह धरला नसता, तर 1952 चे ते पुस्तक झाले नसते. ज्या हातांनी त्या कविता रचल्या त्याच हातांनी रोज स्वयंपाक केला. त्या स्वयंपाकाला सोपानदेव मिळाला नाही.

मराठी पाककृतींच्या छापील पुस्तकांची परंपरा काही लहान नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' 1875 चे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' 1910 चे. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' 1970 ची, आणि तिने दोन पिढ्यांच्या नवविवाहितांना स्वयंपाक शिकवला. या पुस्तकांचे ऋण मान्य करूनच म्हणावे लागते की त्यांचे घर मुंबई-पुणे-सांगलीकडचे आहे, आणि पाककृतीचे पुस्तक मुळातच विशेष प्रसंगांकडे झुकते. रोजची भाकरी-ठेचा 'कृती' म्हणून कोण लिहून घेणार? दुसऱ्या बाजूला सरकारी दप्तर. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खान्देशवरचा बारावा खंड 1880 मध्ये निघाला. अशा खंडांत जातीजातीच्या अन्नाची नोंद दोन-चार वाक्यांत उरकलेली असते. कापसाच्या गाठींना पाने मिळतात. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे, समर्थ वाग्देवता मंदिर आहे, हजारो हस्तलिखिते जपलेली आहेत. त्या संस्थांविषयी आम्हाला नितांत आदर आहे. परंतु चुलीपुढचे ज्ञान कागदावर आलेच नाही, म्हणून ते बाडांतही आले नाही.

याचा परिणाम असा झाला की दूध जेव्हा खऱ्या अर्थाने मुबलक झाले, तेव्हा त्याला अडवणारे काही नव्हते. 1937 मध्ये डालडा बाजारात आले आणि तुपाची हौस गरिबाला स्वस्तात भागवता येऊ लागली. तुपाची प्रतिष्ठा मात्र त्याने अधिकच पक्की केली. 1970 मध्ये दुग्धविकासाची 'ऑपरेशन फ्लड' योजना सुरू झाली. सहकारी संघ, शीतकरण केंद्रे, पिशवीतले दूध. शेतकऱ्याच्या हाती रोजचा पैसा आला, कुपोषणावर एक साधन मिळाले. त्याविषयी तक्रार करणे कृतघ्नपणाचे होईल. पण एका पिढीत दूध ही चैन होती ती बालकाची अनिवार्य गरज झाली. ज्या घरात आजीने मुलांना डाळीचे पाणी आणि भाकरीचा काला भरवला होता, त्याच घरात सुनेला दुधाशिवाय काही सुचेनासे झाले.

शेवभाजीचे उदाहरण घ्या. भाजी मिळत नसेल तेव्हा डब्यातली टिकाऊ तिखट शेव कामी आणायची, भाजलेला कांदा, सुके खोबरे आणि काळा मसाला वाटून तेलात परतायचा, पाणी घालून रस्सा उकळायचा, आणि वाढताना शेव सोडायची. वाटण तयार असेल तर वीस मिनिटांचे काम. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या ढाब्यांनी ती ट्रकचालकांपर्यंत नेली. गेल्या काही वर्षांत मात्र तिच्यावर मलई, लोणी, किसलेले चीज दिसू लागले आहे. आमच्या सहकारी बाई एकदा कुटुंबासह अशाच एका ठिकाणी गेल्या. "तेलातलीच ना?" असे विचारून शेवभाजी मागवली. रस्सा दाट दिसावा म्हणून त्यात मलई फेटलेली होती. मुलीच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, तिथून थेट दवाखाना. वाढणाऱ्या मुलाने खोटे सांगितले असे आम्हाला वाटत नाही. तेलात केली होतीच. मलई हा त्याच्या लेखी चांगुलपणा होता, वर फुकट दिलेला.

इथे एक सावधगिरीची सूचना देणे आम्हाला भाग आहे, नाहीतर हा लेख प्रादेशिक अभिमानाचा होऊन बसेल. दुधाविना असलेले जेवण सगळ्यांनाच निर्धोक असते असे नाही. खान्देशी स्वयंपाकाचा अर्धा डोलारा शेंगदाण्यावर उभा आहे आणि शेंगदाण्याची अॅलर्जी दुधाच्या अॅलर्जीइतकीच, कित्येकदा अधिक, जीवघेणी ठरू शकते. अशा मुलासाठी ठेच्यात दाणे नकोत आणि घाण्याचे कच्चे शेंगदाणा तेलही नको. अन्नपदार्थांच्या वेष्टनाविषयीच्या 2020 च्या नियमांनुसार दूध आणि शेंगदाणे यांची सूचना पाकिटावर द्यावी लागते. पण शेव आपण फरसाणवाल्याकडून कागदात बांधून आणतो, आणि त्याच्या कढईत आधी काय तळले होते हे तो सांगेल तेवढेच कळते. शिवाय दुधाची अॅलर्जी आणि दूध न पचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत शरीर दुधातल्या प्रथिनावर उलटते; दुसरीत दुधातली साखर पचत नाही, पोट बिघडते, पण ताक-दही पुष्कळांना चालते. भारतात वायव्येकडून दक्षिणेकडे येताना मोठेपणी ही साखर पचवू शकणाऱ्यांचे प्रमाण कमी होत जाते. आपल्याकडच्या अनेकांना ग्लासभर दूध सोसत नाही यात नवल काही नाही. कोणाला यातले काय आहे हे वैद्यानेच ठरवावे, मराठीच्या प्राध्यापकांनी नव्हे.

असो. बाईंच्या घरी आता काय चालते ते सांगतो. सासूबाईंनी सुनेला कळण्याचे प्रमाण दिले. ते महिन्यातून दोनदा गिरणीतून येते. दळताना आधीच्या गिऱ्हाइकाचे पीठ उरलेले असते म्हणून पहिला किलोभर वेगळा काढायचा, हे सासूबाईंनीच सुचवले. दुधाशी याचा संबंध नाही, पण हा त्यांचा जुना नेम आहे. कांदा-खोबऱ्याचे वाटण रविवारी करून शीतकपाटात. सकाळी भाकरी आणि डाळ घोटलेली पालेभाजी. रात्री कुकरमध्ये सालाच्या मुगाची खिचडी, वर लसणाच्या फोडणीचे तेल. मुलीसाठी वेगळे काही शिजत नाही. सगळे घर तेच जेवते, आणि 'तिच्यासाठीचे' असे पातेले ओट्यावरून गेल्यापासून मुलगी नीट जेवू लागली, असे बाई म्हणतात.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघे त्यांच्याकडे गेलो होतो. सासूबाईंना आम्ही वही-पेन घेऊन कृती विचारू लागलो. त्या थोड्या अवघडल्या. "हाई काय लिखानी गोट शे?" म्हणाल्या. ही काय लिहायची गोष्ट आहे? तरी सांगत राहिल्या. प्रमाणे मुठीची होती, पसाभराची होती, 'पीठ हाताला सोडेल तोवर' अशी होती. मूठ म्हणजे किती, हे ठरवण्यासाठी आमच्यापैकी एकाने त्यांच्या मुठीतले उडीद स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवायला सांगितले. त्यांनी तीनदा मूठ भरली. तिन्ही वेळा काट्यावर एकच आकडा आला, आणि तो आम्ही वहीत लिहिला.